पुन्हा विचारू नको

आमच्या ऑफिसात सात माणसं, आठ खुर्च्या आणि एक खिडकी आहे. खिडकीजवळची खुर्ची माझ्या धाकट्या बहिणीची होती. होती म्हणतो, कारण आता तसं म्हणणारा मी एकटाच उरलो आहे.

आम्ही शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गोदामातलं तापमान वाढलं की योग्य माणसाच्या फोनवर इशारा गेला पाहिजे, एवढंच काम. पण ते चुकलं तर ट्रकभर औषधं फुकट जातात. मी तिथे चौदा वर्षं आहे. धाकटीला सहा वर्षांपूर्वी मीच चिकटवली, मालकांच्या मागे लागून लागून. मी तिला धाकटी म्हणतो म्हणून सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं. संगणकावरचं तिचं खातंसुद्धा त्याच नावाचं आहे.

आणि मग ती माझ्या पुढे गेली. मी दोन दिवस डोकं आपटत असलेली चूक ती हातात कप घेऊन, उभ्या उभ्या दाखवायची. "दादा, ही ओळ बघ ना." वर मला वाईट वाटू नये म्हणून, "मलाही आधी दिसली नव्हती रे," असं खोटं बोलायची. ते खोटं मला जास्त झोंबायचं. घरीही तेच. शाळेतला गाण्याचा कप तिचा. वडिलांनी शेवटच्या आजारात हातातलं घड्याळ काढून दिलं, तेही तिलाच. मी आडपडदा ठेवत नाही, मी जळत होतो. एकाच घरात राहायचं, एकाच बसने यायचं आणि दिवसभर शेजारी बसून जळायचं, हे सोपं काम नाही.

सगळ्यात जास्त खुपायचा मंगळवार. गेले दोन महिने दर मंगळवारी तीन वाजता ती बॅग उचलून चालू पडायची आणि मालक चकार शब्द काढत नसत. मी एकदा दाढ काढायला तासभर मागितला, तर त्यांच्या कपाळावर आठ्या. "कुठे जातेस गं?" मी विचारायचो. "काम असतं रे," ती म्हणायची आणि विषय बदलायची. दुसरीकडे नोकरी शोधत असणार, नाहीतर मालकांनी तिला कुठल्या तरी मोठ्या गिऱ्हाइकाकडे लावलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

मदतनीस आमच्याकडे गेल्या वर्षी आला. मदतनीस म्हणजे माणूस नव्हे. काळ्या पडद्यावर आपण साध्या भाषेत काम टाइप करायचं, मग तो स्वतः फाइली उघडतो, कोड लिहितो, तपासतो. काही बदलण्याआधी मात्र दरवेळी विचारतो आणि तीन उत्तरं पुढे ठेवतो: हो. हो, आणि पुन्हा विचारू नको. नाही. मी आणि धाकटी एकच प्रकल्प सांभाळत असल्यामुळे आमच्या दोघांचा त्याच्याशी झालेला संवाद एकाखाली एक साठायचा. मी त्याला हुकूम सोडायचो. ती शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची. "हे जरा बघ ना रे, घाई नाही." तिचं काम तो जास्त निगुतीने करायचा अशी माझी खात्री होती. यंत्राचाही हेवा करायची पाळी माझ्यावर आली होती.

त्या शुक्रवारी मालक गटप्रमुख नेमणार होते. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली याची नोंद असते आणि मालक ती यादी सगळ्यांसमोर लावून तिच्यावरूनच निवड करणार होते. इशाऱ्याची फाइल मी सुरू केलेली. पण धाकटीने ती इतकी सुधारली होती की तिच्यात माझ्या नावाच्या नऊच ओळी उरल्या होत्या. बुधवारी सकाळी ती कॉफी आणायला गेली तेव्हा मी टाइप केलं, "धाकटीचं जे जे आहे ते माझ्या नावावर कर."

फाइलचं नाव लिहायचं राहिलं. याला हद्द आखून द्या, नाहीतर हा आवरत नाही, असं नवीन लोकांना मीच शिकवतो. रागाच्या भरात मीच विसरलो. पहिली ओळ बदलू का, त्याने विचारलं. हो. दुसरी? हो. सातव्या प्रश्नाला पॅसेजमध्ये तिच्या चपला वाजल्या आणि मी दुसरं उत्तर दाबून पडदा मिटला.

शुक्रवारी मी गटप्रमुख झालो. मालकांनी माझी पाठ थोपटली. धाकटी आपली लबाडी ओळखणार म्हणून मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, पण ती मनापासून टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

सोमवारी आलो तर माझी बॅग खिडकीजवळच्या खुर्चीला लटकलेली. धाकटी माझ्या जुन्या जागी, झेरॉक्स मशीनला खेटून बसली होती. "तिकडे का बसलीस?" मी विचारलं. "म्हणजे? मी इथेच बसते की," ती म्हणाली. कॉफी देणाऱ्या मावशींनी माझ्यापुढे बिनसाखरेची काळी कॉफी ठेवली. "तुमची नेहमीची." बिनसाखरेची धाकटी प्यायची. मी एक घोट घेतला आणि मला ती आवडली.

घरी आई जुना अल्बम काढून बसली होती. गाण्याचा कप हातात धरून फोटोत मी उभा होतो. केस विंचरलेले, डोळे सूर्यामुळे बारीक. "काय गायचास रे तू," आई म्हणाली. "हिचा आवाज म्हणजे फुटकं मडकं." धाकटी हसली. मला हसू आलं नाही. पण खोटं कशाला बोलू, आतून गार वाटलं. चाळीस वर्षांत आई माझ्याकडे त्या नजरेने पहिल्यांदा बघत होती.

मग वडिलांचं घड्याळ माझ्या मनगटावर आलं. पट्टा माझ्या मापाच्या छिद्रावर वर्षानुवर्षं वापरल्यासारखा झिजलेला होता.

मदतनीस रोज सकाळी आदल्या दिवसाचा हिशेब देतो. काल बदललेल्या ओळी इतक्या, उरलेल्या इतक्या. इशाऱ्याची फाइल पहिल्याच दिवशी संपली होती. तो नेमकं काय बदलतो आहे हे मी विचारायला हवं होतं. मी गणिताचा पदवीधर आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी विचारलं नाही, कारण मला ते सगळं हवं होतं.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी त्याने लिहिलं, "उरलेली: एक."

दुपारी तीनला मालक माझ्यापाशी आले. "अजून निघाला नाहीस? आज मंगळवार ना?" त्यांचा आवाज एवढा मऊ मी कधी ऐकला नव्हता. "आणि हे बघ, कामाची काळजी करू नकोस."

मी बॅग उचलली. कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं, पायांना ठाऊक होतं. चौकातून डावीकडे, फुलांच्या दुकानावरून, एका पांढऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लांब पॅसेज. फिनेलचा वास. भिंतीशी एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या आणि त्यांवर गप्प बसलेली माणसं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून ओळखीचं हसू दिलं.

"आजही एकटेच? रिपोर्टच्या दिवशी घरचं कुणीतरी आणा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"कसला रिपोर्ट?"

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. वर माझं नाव होतं. वय मात्र तेहतीस. धाकटीचं वय.

"डॉक्टर स्वतःच बोलतील," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही."

मी बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला सुयांच्या खुणा होत्या. आठ. एकेका मंगळवारची एकेक.

मी बसलो नाही. जिना उतरून धावत ऑफिसात आलो. धाकटी झेरॉक्स मशीनशेजारी गुणगुणत काम करत होती. बेसूर.

"तू मंगळवारी कुठे जायचीस गं?"

"मी? मी कुठे जाणार? मंगळवारी तर तू जातोस." तिचा हात थांबला. "दादा, बरं वाटत नाहीये का? आज रिपोर्ट होता ना तुझा? मी येते म्हटलं होतं, तर तूच नको म्हणालास."

तिच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. दोन्ही हात स्वच्छ.

मी खिडकीजवळ बसलो आणि टाइप केलं, "धाकटीचं सगळं तिच्या नावावर परत कर."

बोट शेवटच्या बटणावर ठेवलं.

सगळं म्हणजे तेही.

मी एकेक अक्षर खोडलं.

मग संवाद वर सरकवत गेलो. कालच्या दुपारी एक वाक्य होतं, ते मी लिहिलेलं नव्हतं. "कळलंय मला दादा काय करतोय ते. त्याला हवंय ते सगळं जाऊ दे त्याच्याकडे. फक्त मंगळवारचं तेवढं माझ्याकडे राहू दे ना रे."

खाली मदतनिसाचं उत्तर होतं.

"त्यांना विचारलं असतं. पण त्यांनी पुन्हा विचारू नको म्हटलं आहे."