एक वाजताचे इन्सुलिन

नागोराव ही हकीकत मुलांना दिवेलागणीनंतरच सांगतात, आणि प्रथम बजावतात, "चांद शेख माझ्या नित्य परिचयातला. पदरचं काही घालत नाही."

हडपसरला चांदचे औषधांचे दुकान. करोनाची दुसरी लाट. १९ एप्रिल २०२१, सोमवार. सकाळी गोदाबाईंचा फोन आला. शाळेत चांदला त्यांनीच शिकवले होते, आणि त्यांच्या लाल पेन्सिलीचा धाक त्याला अजून वाटे. आता त्या एकट्याच राहत. रुग्ण सापडल्याने इमारतीला पत्रे ठोकून ती बंद केलेली.

"चांद, इन्सुलिन संपलंय. एकच्या आत हवं. शाळेत यायचास तसा येऊ नकोस."

"नाही बाई. वेळेवर आणतो."

त्याने खोक्यावर त्यांचे नाव आणि 'दुपारी १' असे लिहून ते फ्रिजमध्ये ठेवले. मग रांग लागली ती हटेना. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून तपासणीचे कागद पुढे करून "आता तुम्हीच सांगा" म्हणणारेच कितीतरी. रात्री अकराला शटर ओढताना चांदला खोके आठवले. फोन केला. कोणी उचलला नाही.

पावणेबाराला तो पत्र्यांबाहेर उभा राहिला.

"बाई... चांद आलोय."

तिसऱ्या मजल्यावर बाईंच्या घरात दिवा नव्हता. पण गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. सावकाश. दोरीला हिसका नाही, झोल नाही. त्याने बर्फाच्या पिशवीसकट खोके आत ठेवले.

"चुकलो, बाई."

टोपली वर गेली. चांदचा जीव भांड्यात पडला.

"कोणाशी बोलताय?" पत्र्याआडून रखवालदार श्यामने विचारले.

"गोदाबाईंशी. इन्सुलिन दिलं आत्ताच."

श्याम पत्र्याच्या फटीजवळ आला.

"अहो, त्यांना दुपारी चारलाच नेलं. साखर फार वाढली होती. वाटेतच... घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे."

चांदने वर पाहिले. टोपली कठड्याला टांगलेली. रिकामी. दोरी नीट गुंडाळलेली...

दुकानाची किल्ली एकट्या चांदकडे असे. सकाळी त्याने शटर वर केले. फ्रिज उघडला.

खोके होते. त्याच कप्प्यात. त्याच्याच अक्षरात नाव. खाली 'दुपारी १'.

आणि त्या आकड्याभोवती... लाल पेन्सिलीचे वर्तुळ.