नुसतं ‘जा’

नवीन, तो मोबाईल आधी बाजूला ठेव. आणि खोटं वाटत असेल तर खाली जाऊन झोप, माझी काही हरकत नाही. हेरंब आपल्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. सोलापूरचा पोरगा, इथे चेन्नईत विद्यापीठात औषधांवर संशोधन करायला आलेला. त्याने स्वतः मला सांगितलं, म्हणून सांगतोय.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ. प्रयोगशाळेत दोघंच, हेरंब आणि अंबुजा. अंबुजा आपल्यासारखीच तंजावरच्या मराठी घरातली, भारी बडबडी पोरगी. दोघांचं जमलं होतं, घरी सांगायचं तेवढं बाकी होतं. यंत्रातल्या कोमट पाण्यात गोळी सोडलेली. ती किती विरघळली ते बघायला ठरल्या वेळी थोडं पाणी पिचकारीने काढायचं. एक वेळ चुकली, की महिन्याची मेहनत वाया!

अंबुजाला भूक लागली. स्कूटीची चावी घेऊन ती उठली. "कोपऱ्यावरून डोसे घेऊन जाऊन येतें रे."

हेरंबचा डोळा घड्याळावर. मान वर न करताच म्हणाला, "जा."

अरे, निघालेल्या माणसाला आपण नुसतं ‘जा’ म्हणतो का कधी? ती दारात अडली. "ये म्हण की!"

"जा गं बाई, वेळ चुकेल माझी!"

ती हसली आणि गेली.

पाऊण तासाने त्याने सहज वर पाहिलं, तर काचेच्या दाराबाहेर अंबुजा उभी. हात रिकामे. हेरंबला हसूच आलं. "दुकान बंद? मग आत ये ना" असं म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. अंबुजाचा धाकटा भाऊ, प्राणेश. घरात त्याला एकट्यालाच या दोघांचं ठाऊक.

"अण्णा, आक्काला लॉरीने उडवलं... इस्पितळात आणलंय... श्वास चालू आहे अजून..."

हेरंबने दाराकडे पाहिलं.

ती तिथेच होती.

"ये म्हण की," ती म्हणाली. हळू. आता हसत नव्हती.

काय करावं त्याने, सांग! म्हटलं तर वाचेल का ती? की दाराशी उभं आहे ते आत येईल? कानाशी प्राणेश रडतोय. समोर ती. त्याने तोंड उघडलं. शब्द केवढा? एका अक्षराचा...

"हेरंब... म्हण की..."

त्याला म्हणायचं होतं रे. माझ्यापुढे बसून ढसाढसा रडला पोरगा. "काका, जीव तोडून म्हणत होतो, आवाजच फुटेना."

मग फोनवर सगळं गप्प झालं.

"अण्णा... गेली."

दारात कोणी नव्हतं.

हेरंब तसाच इस्पितळाकडे पळत सुटला. तिथे पोलिसांनी प्राणेशच्या हातात तिची एक चप्पल दिली, उजव्या पायाची. दुसरी पोरांनी रस्ताभर शोधली. नाही मिळाली.

सकाळी झाडायला आलेल्या बाईने हेरंबला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, सगळे चपला काढतात तिथे, एकच चप्पल होती.

डाव्या पायाची. नीट काढून ठेवलेली.