वृंदाताईंची कानसही

सकाळी साडेदहाला ध्वनिशाळेतल्या, पुस्तकं मोठ्याने वाचणाऱ्या मुखयंत्राने नव्या पुस्तकांची यादी वाचायला घेतली. आज अकराशे चाळीस नावं होती. वृंदा गवाणकर दोनशेपर्यंत ऐकत राहिल्या, मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. कालच्या यादीतली नऊशे तशीच राहिली होती. ध्वनिशाळा या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात पूर्वी नवं पुस्तक चढलं की पेढे वाटत. आता पुस्तकं नळाच्या पाण्यासारखी येत होती आणि वृंदाताईंना त्यांचा मनापासून कंटाळा आला होता.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासूनचा. यंत्राने वाचलेलं प्रत्येक पुस्तक एखादा अंध तपासनीस शेवटपर्यंत ऐके, चुका नोंदवे आणि मगच ‘ठीक’ म्हणे. याला कानसही म्हणत. ती नसेल तर पुस्तक यादीत चढत नसे. मुखयंत्र दिवसाला हजार पुस्तकं वाचू लागलं, पण कानसही देणाऱ्या बायका तीनच राहिल्या. तेव्हा ग्रंथालयाची यंत्रं सांभाळणाऱ्या डॉ. हेरंब सातघरे यांनी वृंदाताईंची श्रवणछाया घडवली. बावीस वर्षांत त्या कुठे थांबल्या, कुठे मागे गेल्या, काय नोंदवलं, ते सगळं या यंत्राला शिकवलं. दोन वर्षं छायाच त्यांच्या नावाने कानसही देत होती. नावापुढे ‘छाया’ एवढा शब्द लागे, इतकंच.

फोन वाजला. अलिबागहून रेणुका तांडेल बोलत होती. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेचा तिचा हा शेवटचा प्रयत्न होता.

“ताई, पुराव्याच्या कायद्याच्या पुस्तकात नवव्या प्रकरणापासून तळटीपा वाक्यात घुसल्यात. अपवादच नियम समजून मी पाठ केला. रविवारी परीक्षा आहे. माझ्याकडे तुमच्या नावाची चौदा पुस्तकं आहेत. कुठल्यांवर विश्वास ठेवू, तेवढं सांगा.”

वृंदाताई लगेच म्हणाल्या, “छायेची बाजूला ठेव. माझी स्वतःची किती?”

“पाच.”

“त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेव.”

“ते आपल्याला जमतंच,” रेणुका हसली. तिला धीर आल्यासारखा वाटला.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी छाया तपासली आणि खुर्ची ओढून वृंदाताईंसमोर बसले.

“छायेत काही बिघाड नाही, ताई.”

“मग तळटीपा तिला ऐकू कशा आल्या नाहीत?”

“आल्या. तिने लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष मोजता येतं. पाऊण तासाच्या आसपास ते शून्यावर येतं आणि पुस्तक संपून शांतता झाली की ती एकदम ‘ठीक’ म्हणते. तुमच्या नोंदीही पाऊण तासानंतर थांबतात. मला वाटायचं, आवाज कानात बसला की तक्रारी कमी होत असतील.”

वृंदाताईंना लाज वाटत होती, पण आता ती झाकून ठेवायचं त्राणही उरलं नव्हतं.

“डॉक्टर, मी झोपायचे. रोज एक पुस्तक, आठ-नऊ तास. सुरुवात नीट ऐकायचे, मग त्या एकसुरी आवाजाने डोळा लागायचा. आम्हां तिघींचंही तेच. जी जागी असेल तिने पुस्तक संपल्यावर शेजारणीला कोपराने ढोसायचं. मग ती उठून ‘ठीक’ म्हणायची. कुणाची कधी तक्रार आली तर आम्ही यंत्राच्या नावाने बोटं मोडायचो.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “झोपेचा भाग काढून तिला पुन्हा शिकवू म्हटलं, तर तिला फक्त पुस्तकांच्या सुरुवाती ऐकता येतील. पुढचं ऐकणं तिला तुमच्याकडून मिळालेलंच नाही.”

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” वृंदाताई म्हणाल्या. मग सावकाश त्यांनी विचारलं, “ती अगदी माझ्यासारखीच झोपते?”

“जिथे तुमच्या नोंदी आहेत, तिथे मिनिटाचाही फरक नाही.”

“नुसत्या माझ्या नोंदींवरून झोप कळणार नाही. चूक नसेल तेव्हा जागेपणीही मी गप्पच असायचे. माझी ती जुनी पाच पुस्तकं छायेला ऐकवा. ती जिथे झोपेल तिथेच मीही झोपले असणार. तेवढं मला सांगा.”

डॉक्टरांच्या लक्षात आलं. “ताई, हे बाहेर गेलं तर तुमचं नाव जाईल.”

“जाऊ दे. पोरीची परीक्षा रविवारी आहे.”

अर्ध्या तासात आकडे आले. वृंदाताईंनी स्वतः फोन लावला.

“रेणुका, सकाळी मी तुला खोटं सांगितलं. माझी पाचही पुस्तकं मी पूर्ण ऐकलेली नाहीत. ऐकता ऐकता झोपायचे मी. जिथपर्यंत जागी होते तिथपर्यंतचं सांगते, लिहून घे. करारांचा कायदा, पहिली एकावन्न मिनिटं. मालमत्तेचा, अठ्ठेचाळीस.”

पलीकडून ब्रेलपाटीवर टोचणीची टकटक ऐकू येत होती. रेणुका एका शब्दानेही रागावली नाही. वृंदाताईंना तेच जास्त लागलं. त्यांनी आणखी दोन पुस्तकं सांगितली.

“आणि दिवाणी प्रक्रियेचं? माझा सगळा भर त्यावरच आहे.”

“बेचाळीस मिनिटं.”

टकटक थांबली.

“ताई, ते पुस्तक नऊ तासांचं आहे.”

“हो गं,” वृंदाताई म्हणाल्या. “पुढे काय आहे, ते मलाही माहीत नाही.”