निरोगी गटातला माणूस

तो माझ्या पायाशी कोसळला, तेव्हा मी सुई टोचलीसुद्धा नव्हती!

सहा फुटी गडी, पोहायला शिकवणारा... आणि दंडाला रबरी पट्टा बांधला एवढ्यावरच आडवा. आमच्या प्रयोगशाळेला तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. भिंतीवरची जाहिरात वाचून तो आपणहून आला होता. मी तोंडावर पाणी मारलं.

“झालं?” त्यानं डोळे किलकिले केले.

“सुरूच नाही झालं.”

“मग जरा बोलत राहा ना... म्हणजे कळणार नाही.”

मी बोलत राहिले. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या. पण काही घराण्यांत एक जनुक बिघडलेलं असतं, आणि ऐन उमेदीत त्या पेशी मेंदूलाच कुरतडू लागतात. मग माणूस आपलीच माणसं विसरतो.

“म्हणजे कुंपणच शेत खातं,” तो म्हणाला.

तोवर नळी भरली होती. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं सार त्यानं डोळे मिटून सांगितलं, याचा मला राग आला. थोडासाच.

पुढच्या आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. केस अजून ओलेच.

“रक्त कमी पडलं असेल, म्हटलं विचारून यावं.”

“निरोगी गट भरला.”

“मग कॉफी?”

“कॉफीचा गट नसतो आमच्याकडे.”

“काढू की!”

निघाला तो गट. मागच्या पायऱ्यांवर, रोज दुपारी. शीतपेटीत हात घालून माझी बोटं गारठलेली असत – तो स्वतःचा गरम कप माझ्या ओंजळीत द्यायचा. त्याच्या अंगाला तलावातल्या औषधाचा वास यायचा. तो मला आवडायला लागला, म्हणजे पुढचं सगळं आलंच.

आत्याला कुणकुण लागली. “लग्न होईस्तोवर तुझ्या बाबाच्या दुखण्याचं बोलू नकोस हं,” तिनं बजावलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

झाकायची? आणि मी? दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांवर मूठ उघडली.

“मी ज्या आजारावर काम करते ना, तो माझ्या बाबांना आहे. मला होण्याची शक्यता निम्मी. मी तपासणी केलेली नाही, करणारही नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. जायचं असेल तर कॉफी संपव आणि जा.”

त्यानं कॉफी संपवली. आणि गेला.

दिवस गेले, आठवडे गेले. आत्या म्हणाली, “बघ!” मी रडले, खोटं कशाला बोलू? पण एकही शब्द परत घ्यावासा वाटला नाही. ज्याला मी निम्मीच हवी, त्यानं खुशाल पोहायला जावं!

मग एका सकाळी तो दारात उभा. बाही कोपरापर्यंत वर, चेहरा पांढराफटक.

“जाहिरात नीट वाचली,” तो म्हणाला. “निरोग्यांचा आणखी एक गट आहे. हा आजार असलेल्या घरांतल्या नवऱ्यांचा, बायकांचा. घर तेच, जेवण तेच, फक्त रक्त वेगळं... तो भरला?”

“नाही.” माझी आई होती त्या गटात, कितीतरी वर्षं.

“मग मला घे त्यात.”

“त्यासाठी आधी लग्न करावं लागतं.”

“करू.”

“इतके दिवस कुठं होतास?”

“घाबरलो होतो. सुईपेक्षाही जास्त. अजून घाबरलेलोच आहे. पण घाबरायचंच आहे, तर तुझ्याजवळ राहून घाबरतो.”

“आणि तपासणी –”

“मी विचारलं?”

मी त्याची बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं... आणि हात सोडलाच नाही. सगळी प्रयोगशाळा बघत होती. बघू दे!

संध्याकाळी त्याला घरी नेलं, आत्याच्या डोळ्यांदेखत. बाबा खिडकीपाशी बसले होते.

“हे कोण?” बाबांनी विचारलं.

“घरचाच,” तो म्हणाला. बाबांनी सरकून त्याला जागा दिली.

थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. “हे कोण?” आत्यानं मान खाली घातली. मी नाही घातली.

“माझा आहे, बाबा! तुम्ही विसरलात तर मी पुन्हा सांगेन. आणि मी विसरले...”

“तर मी सांगेन,” तो म्हणाला.