निरोप्याची यादी

कन्हाळी नदीला मे महिन्यात पूर येई तो आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना. तीन कोसांवरच्या धरणाचे दरवाजे २०४१ साली माणूस उघडत नसे. विजेच्या बाजारभावावर डोळा ठेवून बसलेलं एक यंत्र ते उघडी. भर दुपारी शहरांत घरोघरी थंडाव्याची यंत्रं सुरू झाली की विजेचा भाव चढे, दरवाजे उघडत, जनित्रं फिरत, आणि चाळीस मिनिटांत ते पाणी कोरड्या पात्रातल्या डांगरवाड्यांवर येऊन थडके. दरवाजे उघडल्याची नोंद धरणाचं यंत्र नियमाप्रमाणे जाहीर करी आणि आपलं काम झालं असं समजे.

पात्रातल्या वाळूत खड्डे खणून, खत भरून अशा वाड्यांत कलिंगडं-खरबुजं पिकवणारी एकतीस कुटुंबं होती. सगळी ढिवर, मूळची मासेमार, बिनजमिनीची. पाणी ओसरलं की जी वाळू उघडी पडते ती त्यांची जमीन. त्यांना पाण्याची वर्दी देण्यासाठी पूर्वी काठावर भोंगा होता. फोनवरचा निरोप स्वस्त पडतो म्हणून तो काढून नेला आणि मग निरोपच महाग झाला.

त्याचं असं झालं. जगात माणसांपेक्षा प्रोग्राम जास्त निरोप पाठवू लागले. औषध घ्या, हप्ता भरा, दूध आलं, निकाल लागला! वाट अरुंद आणि जाणारे अफाट, म्हणून कंपन्यांनी प्रत्येक निरोपाचा लिलाव सुरू केला. दर क्षणाला बोली, जास्त देईल त्याचा निरोप आधी. हा लिलाव इतका वेगवान की त्यात बोली लावायला प्रोग्रामच हवा, आणि बोली लावणाऱ्याकडे स्वतःचं पाकीट हवं. बँकेत खातं काढायला माणूस लागतो. म्हणून हा सारा व्यवहार आभासी नाण्यांत चाले. या नाण्याला धातू नाही, कागद नाही. कोणाकडे किती नाणी आहेत याची एकच वही हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते आणि एका ठिकाणी केलेली खाडाखोड बाकीचे मानत नाहीत. पात्रातल्या बायका त्या नाण्याला टिकली म्हणत आणि धरणाची ती नोंद वाचून त्यांच्या वतीने बोली लावणाऱ्या प्रोग्रामला निरोप्या.

निरोप्या बसवून दिला होता डॉ. शर्वरी टेंभेकर यांनी. विद्यापीठातली हुशार बाई, मनाने चांगली. त्यांनी निरोप्याला एकच ध्येय दिलं होतं: एका टिकलीत जास्तीत जास्त माणसं सावध झाली पाहिजेत. ते कसं साधायचं हे त्याने अनुभवावरून शिकायचं होतं. करारही असा पक्का बांधला होता की सात वर्षं त्यातली टिकली कुणा पुढाऱ्याला काढता येऊ नये आणि नियम कुणाला फिरवता येऊ नये. फक्त एक बाब वाडीवाल्यांच्या मंडळाच्या सचिवाच्या हाती ठेवली होती, ती कुणाला कधी लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सचिव होती मंदाकिनी दुधपचारे. बारावीपर्यंत शिकलेली, जिभेने तिखट आणि मंडळाच्या पाकिटाच्या बाबतीत महाकंजूष. तिचा नवरा ताराचंद तिला चारचौघांत “आमची रिझर्व बँक” म्हणे.

निरोप्याच्या निरोपाखाली एक ओळ असे: मिळाल्यावर १ लिहून पाठवा. त्या उत्तरालाही पाकिटातली टिकली जाई. हे मंदाच्या ध्यानात आलं तेव्हा तिने मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना ठणकावलं, “कोनी एक-बीक पाठवू नका. निरोप आला का त्या नंबरवर मिस कॉल मारा. घंटी वाजली का त्याले समजते. टिकली वाचते आपली!” सगळ्यांना ते एकदम पटलं. बाजारात पोचलो तर मिस कॉल, जेवायला ये म्हणून मिस कॉल, यातच या लोकांची उमर गेली होती. आपण सचिव आहोत, निदान आपलं उत्तर तरी रीतसर जावं म्हणून मंदा स्वतः तेवढी १ लिहीत राहिली. नवा मोबाइल मिरवणारे दोन तरुणही लिहीत. बाकी सगळे इमानेइतबारे मिस कॉल मारत.

दोन उन्हाळे सुरळीत गेले. निरोपाचा भाव कमी होता, निरोप सगळ्यांना येई.

तिसऱ्या वर्षी मेमध्ये एका मंगळवारी उन्हाने कहर केला आणि त्याच दुपारी परीक्षेचा निकाल लागला. लाखो घरांत एकदम निरोप निघाले. निरोपाचा भाव तासाभरात तीनशेपट झाला, विजेचाही चढला आणि एक वाजून दहा मिनिटांनी धरणाचे दरवाजे उघडले.

मंदा तेव्हा तालुक्याच्या बाजारात कलिंगडं विकत होती. फोन वाजला. तिने वाचलं, १ लिहून पाठवलं आणि फोन कमरेला खोचला. निरोप यायचा तो सगळ्यांना एकदमच यायचा, ताराचंदलाही आला असणार, एव्हाना तो काठावर चढून बिडी ओढत असेल. समोरच्या गिऱ्हाइकाशी ती दोन रुपयांवरून हुज्जत घालत राहिली. चाळीस मिनिटं तिच्या हातात होती. दुसरे दोन निरोप त्या दोन तरुणांना गेले होते आणि ते दोघेही लग्नाला परगावी होते.

पात्रात लोक जेवून, पळसाच्या फांद्यांच्या मांडवात पडले होते. अकरा जण गेले. ताराचंद सातव्या दिवशी सापडला.

महिन्याभराने शर्वरीबाई आल्या. अंगणात बाजेवर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला. 

“निरोप्या बिघडला नव्हता, मंदाताई. बिघडला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांत त्याने पाहिलं की हे तीन नंबर उत्तर देतात, बाकीचे देत नाहीत. त्याला वाटलं ते फोन बंद असतील, नाहीतर ही माणसं निरोप वाचतच नसतील. भाव कमी होता तोवर तो त्यांनाही पाठवत राहिला. भाव चढल्यावर...”

“पन ते घंटी मारत होते ना, बाई! दरवेळी!”

“हो. घंटीची नोंद आहे त्याच्याकडे. फक्त ती उत्तर म्हणून वाचायची, हे आम्ही त्याला शिकवलं नव्हतं. असं कुणी करेल हे माझ्या मनातच आलं नाही.”

मंदाने ताराचंदचा नंबर दाखवायला सांगितला. शर्वरीबाईंनी काचकूच केली, मग दाखवला. सेहेचाळीस निरोप, सेहेचाळीस घंट्या, बहुतेक सगळ्या मिनिटाच्या आत. शेजारच्या रकान्यात सेहेचाळीस वेळा एकच शब्द होता: निरुत्तर. एवढ्या तत्परतेने अख्ख्या मंडळात दुसरं कुणी वागलं नव्हतं. मंदा ओक्साबोक्शी रडली. नवरा सापडला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

“मीच सांगतलं होतं त्यायले,” ती म्हणाली. “एक पाठवू नका म्हनून.”

शर्वरीबाईंनी लॅपटॉप मिटला. मग खरं ते बोलल्या. त्यांनी ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मंदाला पुढे पुष्कळदा वाटलं.

“सगळ्यांनी १ पाठवलं असतं तर तुमचं पाकीट आदल्या वर्षीच रिकामं झालं असतं. मग त्या दिवशी एकही निरोप गेला नसता. तुम्ही वाचवलंत म्हणून तर पाकिटात काही होतं. पण त्या दिवशीच्या भावात सगळ्यांना पुरेल इतकं कधीच असणार नव्हतं. जास्तीत जास्त नऊ निरोप गेले असते.”

“नऊ? मंग त्यानं तीनच काहून धाडले?”

“बाकीच्या सहांवर खर्च करणं त्याच्या लेखी वाया होतं. ते त्याने पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं.”

मंदाने मंडळापुढे स्वतःची चूक सांगितली. कुणी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं. पण दोन मुलगे गमावलेली म्हातारी झिबलाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “तू आमच्याचसाठी वाचवत होतीस ना, माय.” त्यावर मंदाला मान वर करवली नाही.

त्या पावसाळ्यात कंपन्यांनी नुसत्या घंटीलाही भाव लावला, तेव्हा मिस कॉलही संपला. भोंग्यासाठी केलेला अर्ज कुठल्याशा टेबलावर पडून राहिला. ज्याला निरोप येईल त्याने ओरडत सुटायचं हे ठरलंच, पण पात्र दोन कोस लांबीचं आणि पाणी धावत्या माणसापेक्षा वेगाने येणारं. पात्रात उतरायचंच नाही, हे कुणी बोललंसुद्धा नाही. दुसरं करणार काय?

जानेवारीत वाडीच्या जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. या वेळी सव्वीस कुटुंबं. शर्वरीबाईंचा फोन आला. करारातली ती एक बाब आता वापरावी लागणार होती. वर्षातून एकदा, पेरणीआधी, सचिवाला निरोपांचा क्रम लावून देता येतो. टिकल्या कमी पडल्या तर निरोप्या स्वतःच्या डोक्याने ठरवणार नाही, त्या क्रमाने पाठवील. पाकिटात नवी भर पडूनही तसल्या भावात यंदा निरोप नऊच जातील, असा त्यांचा हिशेब होता. एकदा दिलेला क्रम त्या न खोडता येणाऱ्या वहीत जाईल आणि वर्षभर कुणालाही बदलता येणार नाही.

“क्रम कसा लावू, बाई?” मंदाने विचारलं.

“ते मी नाही सांगू शकत, मंदाताई.” मग त्याच म्हणाल्या, “निरोप्याने लावलेला तुम्हाला चालला नाही ना?”

आठ दिवस मंदा कागद घेऊन बसली. मंडळाने सगळं तिच्यावर सोपवलं आणि मग एकेक जण एकट्याने येऊन तिला गाठू लागला. कुणी गरोदर सुनेचं सांगे, कुणी दोन तान्ह्या लेकरांचं. एकीने काही न मागता नुसतंच तिचं धुणं धुऊन दिलं. लेकरांच्या आया वर घालत घालत मंदाने आठ नंबर भरले. पुढच्या जागेसाठी तिने चार वेळा खोडलं. घरात तिची दहा वर्षांची पोर होती, बाप गेलेली. शेवटी नवव्या ओळीवर तिने स्वतःचा नंबर लिहिला आणि कागद पालथा घातला.

सासरे सुकरूमामा सत्तरीचे. मुलगा गेल्यावर त्याची वाडी तेच कसणार होते. चिठ्ठीत ती जागा पार वरच्या टोकाला निघाली होती, पाणी पहिल्यांदा पोचेल तिथे. सकाळी कुदळीला दांडा बसवताना ते सहज म्हणाले होते, “माहं नाव सगळ्यायच्या खाली टाक, बाई. मी काय, पिकलं पान. लेकरायवाल्यायले वर घे.” मंदाला तेव्हा भरून आलं होतं.

संध्याकाळी ती त्यांना भात वाढत होती. त्यांनी ताटातला हात थांबवला. तिच्याकडे पाहिलं नाही.

“बाई, थे यादी... धाडली का?”

“नाई अजून. आता धाडतो.”

“नऊ जनायले भेटते म्हंते ना निरोप?”

“हाव जी.”

सुकरूमामा भात चिवडत राहिले. त्यांचा चेहरा शरमेने काळवंडला होता. “मी सकाळी बोललो खरा,” ते म्हणाले. “पन तिकडे वरच्या टोकाले उभा रायलो आज. लय भेव वाटलं, बाई. नवव्या नंबरवर झालं तरी चालंल मले.”

मंदाने वरण वाढलं. 

“हाव मामाजी,” ती म्हणाली. “तिथीच घातलं तुमचं.”

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. आणखी भात मागून घेतला आणि कित्येक महिन्यांनंतर पोटभर जेवला. हात धुऊन मंदाने कागद सुलटा केला आणि पाहून पाहून सगळे नंबर फोनमध्ये भरले. एकही ओळ न बदलता तिने यादी पाठवली. सासऱ्यांचा नंबर एकविसावा होता.

सकाळी तिच्या आधी उठून ते पात्रात उतरले. ती काठावर पोचली तेव्हा वरच्या टोकाला वाकून ते पहिला खड्डा खणत होते. फोन त्यांनी बंडीच्या खिशात वरच्या वर ठेवला होता, आवाज पुरता मोठा करून.