शेळ्यांनी दिलेली वाट

दिवा राहू द्या, फक्त जरा बारीक करा, डोळ्यांवर येतो. आणि मध्येच ‘खरं का हो काका?’ असं विचारायचं नाही. गुरांचा डॉक्टर म्हणून त्या घरात मी आजोबांच्या काळापासून जातोय. ज्याच्यावर बेतलं, त्याच्याच तोंडून हे ऐकलंय.

मोठं कुरण होतं त्यांचं. आजोबांनी गाई जमवल्या, वडिलांनी मटणासाठी शेळ्या वाढवल्या, आणि पुढं दोघा भावांनी काम वाटून घेतलं. थोरल्याकडं गाई, धाकट्याकडं शेळ्या. धाकटा म्हणायचा, “दादा, तुझी गाय म्हणजे साहेब, बसली की उठत नाही. माझी शेळी म्हणजे आत्याबाई, जाईल तिथं तोंड घालणार.” बोलका पोरगा. लग्न व्हायचं होतं. मागच्या थंडीत उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. संपलं.

थोरला रडला नाही. लोक म्हणाले, काळीज घट्ट आहे. घट्ट कसलं? त्याला काही लागतच नव्हतं. दोघांचं काम एकटा ओढत होता, घाण्याला जुंपल्यासारखा.

त्याला महिना झाला असेल. मंगळवारची रात्र, साडेदहाचा सुमार. बायकोनं विचारलं, “अहो, जेवलात का?”

“जेवलो वाटतं.”

“ताट झाकलेलं तसंच आहे.”

“मग नसेन जेवलो.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून वडिलांची हाक आली. “ती काळी शेळी आज-उद्या व्यायची रे. गारठा फार आहे. इकडं गोठ्यात आणून बांध तिला.”

“आणतो, बाबा.”

बॅटरी घेतली, दोर घेतला, निघाला. शेळ्यांचं कुंपण ओढ्यापलीकडं. रस्ता पायाखालचा. भीती? छे. भीती वाटायलाही आत कुणीतरी जागं असावं लागतं.

त्यानं फाटक उघडलं. फाटक करकरलं की शेळ्या केवढा गलका करतात, तुम्हाला माहितीय. त्या रात्री एकही ओरडली नाही. सगळ्या उभ्या. एकमेकींना चिकटून. गप्प.

मग पलीकडच्या टोकाला कळप दुभंगला. एक माणूस चालेल एवढी वाट पडली, आणि ती वाट सरकायला लागली. पुढच्या शेळ्या बाजूला होत होत्या, मागच्या पुन्हा एक होत होत्या. मध्ये कुणी नाही. पण एकेकीची पाठ किंचित दबायची… हात ठेवल्यासारखी… मग तिच्या पुढचीची.

वाट त्याच्यापाशी आली. थांबली.

दोन्हीकडच्या शेळ्यांनी माना वर केल्या. त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या समोर बघत होत्या. माणसाचं तोंड असतं, तेवढ्या उंचीवर.

पळाला? नाही पळाला. आणि विचारलं काय, तर, “काळी कुठंय?”

वाट वळली. कोपऱ्यापर्यंत उघडत गेली. तो मागून चालला.

काळी आडवी पडली होती. डोळे फिरलेले. करडाचा एक पाय बाहेर आलेला, डोकं आत मागं वळलेलं. त्यानं बाही सारली, हात आत घातला. पण थोरल्याचे पंजे म्हणजे फावडी, गाईंच्या कामाची. शेळीच्या पोटात ती कुठली वळतात? असली नाजूक कामं धाकट्याची. बोटं डोक्यापर्यंत पोचेनात. काळी कण्हायचीसुद्धा थांबली.

मग…

त्याच्या मनगटावर काहीतरी आलं. थंड. अगदी थंड. त्या थंड स्पर्शानं मनगट धरलं. हलकेच वळवलं. थोडं अजून… खाली… आता आत.

बोट जबड्यात अडकलं.

त्यानं ओढलं. करडू आलं. त्याच्यामागून दुसरं, तेही जिवंत. त्यानं गवतानं नाकं पुसली. एक शिंकलं. आणि त्याबरोबर सगळा कळप एकदम ओरडायला लागला, नेहमीसारखा.

“बरं झालं,” तो म्हणाला. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नाही. वळून पाहिलं, तर वाट मिटली होती.

दोन्ही करडं छातीशी धरून, काळीला दोराला घेऊन तो घरी आला. तिला गोठ्यात बांधलं. शर्ट काढून कोपऱ्यात टाकला आणि झोपला. मेल्यासारखा झोपला.

सकाळी बायकोनं शर्ट धुवायला उचलला. पुढं रक्त, बाह्यांवर रक्त, वाळलेलं. ते असणारच. मग तिनं तो उलटा केला.

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, रक्ताचा बारीकसा पंजा उमटला होता. बोटं वरच्या दिशेला. शाबासकीची थाप द्यावी तसा.

“अहो… तुमच्याबरोबर कुणी होतं का?”

तो बघत राहिला.

तिनं तो शर्ट धुतला नाही. अंगणात दोरीवर टाकला. मी काळीला तपासायला गेलो, तोवर आठवडा उलटला होता. रोजचं कडक ऊन. शर्ट तिथंच. बाह्या वाळून लाकूड झालेल्या.

मी त्या पंजाला बोट लावलं…

ओला होता.