चौथ्या चौकटीतली खूण

भर दुपारी, पादचारी पुलाच्या जिन्याखाली, त्याच्या बॅगेची चेन उसवली आणि पालिकेच्या पाहणीचे शंभरेक फॉर्म रस्त्यावर पसरले. वाऱ्याला आयतं खेळणं मिळालं. एका कागदामागे धावावं तर दुसरा पळायचा. बॅगा दुरुस्त करणारी चेनवाली थोडा वेळ मजा बघत बसली. मग तिने पाय लांब करून एक कागद चपलेखाली दाबला.

"साहेब, नाच पुरे. आधी बॅग इकडे द्या."

"साहेब नाही हो मी. जितके फॉर्म भरीन तितकी रोजी."

"मग तर लवकर द्या. अर्धी रोजी गटाराकडे निघालीय."

तो हसला. हसताना मान खाली घालायची सवय होती त्याला... तिला ते उगाचच आवडलं. आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि चेनचा रनर बसवताना पक्कड जरा जास्तच दाबली गेली.

बॅग होईतो त्याने फॉर्म पुढे केला. त्यात एकच मोठा प्रश्न: स्वतःचा धंदा का सुरू केलात? खाली चार चौकटी. दुसरा पर्याय नव्हता. कमाई जास्त. घरचाच धंदा. स्वतःची मर्जी. कोणीतरी पंख्याखाली बसून माणसाच्या अख्ख्या आयुष्याला चार भोकं पाडली होती. मावेल त्यात घुसा.

जिन्याखालच्या रांगेतल्या दोघांना त्याने सकाळीच घुसवलं होतं. घड्याळवाले काका समुद्रापलीकडचे. त्यांच्या मुलखात दुसऱ्याची चाकरी करणाऱ्याला कोणी मुलगी देत नसे, म्हणून बापाच्या दुकानात बसले. केस कापणारी मावशी वेगळ्याच भाषेतली. तिच्या लोकांत बाईने धंदा मांडला की नवऱ्याची मान खाली जायची. पण इथे तिच्या बोलण्याला हसून कामाच्या सहा ठिकाणांहून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. काकांची खूण तिसऱ्या चौकटीत पडली, मावशीची पहिल्या. दोघांना इथे लाजेने आणून बसवलं, पण लाजेची चौकटच नव्हती.

"तुमची पहिल्या चौकटीत टाकू?" त्याने विचारलं.

"का? बॅगांच्या कारखान्यात नऊ वर्षं होते. आजही गेले तर हात जोडून घेतील."

"मग सोडलंत का?"

तिने दोरा दातांनी तोडला.

"तिथे फोन गेटवर जमा करतात. आई दुपारी दीडला गेली. भावाने बावीस फोन केले, मग ऑफिसात केला. सुपरवायझरला तेव्हाच कळलं. पण त्या दिवशी माल जायचा होता... त्याने मला सहाला सांगितलं. सुट्टी झाल्यावर. साडेचार तास मी पट्टे शिवत होते. गुणगुणत होते मी."

त्याने पेन कागदावरून उचललं. 'अरेरे' म्हणाला असता तर तिने त्याला तिथूनच हाकललं असतं.

"माझी बातमी माझ्याआधी दुसऱ्याच्या खिशात जायला नको, म्हणून इथे बसलेय. ह्याला चौकट आहे?"

"...नाही."

"मग चौथी. माझी मर्जी."

त्याने खूण केली. हळूच, जपून — जखमेला औषध लावावं तशी.

दुसऱ्या दिवशी तो तुटलेला पट्टा घेऊन आला.

"हा तुटलेला नाही, कापलेला आहे," ती म्हणाली.

"उंदीर असेल."

"उंदराकडे ब्लेड होतं?"

मान खाली गेली. मग रोजच काहीतरी मोडायला लागलं. मावशी कात्री वाजवत म्हणाली, "पोरी, त्याच्या बॅगेत आता मोडायला काही उरलं नाही. उद्या हाडं मोडून आणेल." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळी ती अवजारांची पेटी आवरायची. पेटीला दोन बाजूंना दोन कड्या. ती मात्र एकटीच पोटाशी धरून उचलायची. त्याचा हात पुढे आला की म्हणायची, "माझी मी."

दोन महिन्यांनी नोटीस लागली. जिना पाडणार. जिन्याखालच्यांपैकी काहींना नव्या शेडमध्ये जागा. चेनवालीला पत्र आलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, गालातल्या गालात हसली — आणि एका ओळीशी थांबली. 'दुसरा पर्याय नसल्यामुळे स्वयंरोजगार करणाऱ्या...'

तो दोन चहा घेऊन येत होता. चेहरा असा, जणू शेड त्यानेच बांधली.

"माझी खूण चौथ्या चौकटीत होती," ती म्हणाली.

त्याने चहा पेटीवर ठेवला. "फॉर्म जमा करताना कळलं... जागा फक्त पहिल्या चौकटीवाल्यांना देणार. म्हणून मी बदलली."

"कधी?"

"महिना झाला."

"महिनाभर रोज समोर बसून चहा ढोसलास. माझं काय होणार ते तुला ठाऊक, तुझ्या ऑफिसला ठाऊक. मला नाही."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस!"

"म्हणूनच सांगायचं असतं, शहाण्या!"

"तुझ्या पोटावर पाय येऊ नये म्हणून केलं. मला तू... आवडतेस म्हणून."

ह्या शब्दाची ती किती दिवस वाट बघत होती! आणि आला तो असा, चोरीच्या मालासारखा.

"सुपरवायझरही म्हणाला होता, तुझा रोज बुडू नये म्हणून थांबलो. तूही गेटवरच बसलास रे. माझा फोन खिशात घालून."

चहावर साय धरली. तो गेला तेव्हा तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या ऑफिसात गेली. कारकुनाने तिचा कागद काढला. "हा फॉर्म भरणारा माणूस सकाळीच येऊन गेला. खूण मीच बदलली, असं लिहून दिलं. कामावरून काढला त्याला. तुमच्या जागेचं विचारलं तर म्हणाला, ते त्यांना विचारा; मी एकदा न विचारता चुकलो." त्याने पेन पुढे केलं. "पहिल्या चौकटीवर सही करा, जागा तुमची. कोण बघतंय?"

ती कागदाकडे बघत राहिली. शेडला छप्पर होतं. घरी भाऊ बिनकामाचा होता. एक सही — आणि मग आईचे ते साडेचार तास कागदावर कुठेच उरले नसते. तिने पहिली खूण खोडली, चौथी केली.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. तेवढंच काय ते माझ्या ठिकाणी आहे."

जिना पाडायला माणसं आली त्या दिवशी मावशी शेडमध्ये गेली. काकांनाही जागा नव्हती. ते कपाट विकून मुलीकडे निघून गेले. चेनवाली पेटी पायाशी ठेवून धुरळ्यात उभी होती. आता दारोदार हिंडायचं: बॅग, चेन, कुलूप, करून घ्या. पलीकडे तो उभा होता. बॅगेला तिनेच शिवलेला पट्टा.

"काम गेलं म्हणे," ती म्हणाली.

"गेलं. आता दारोदार लोकांचे अर्ज लिहून देणार. ते सांगतील तसे. एक अक्षर माझं नाही."

"म्हणजे स्वतःचा धंदा. कुठली चौकट?"

"पहिली. मला खरंच कोणी घेत नाही."

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. राग अजून होता. तो एका दिवसात जाणारा नव्हताच. तिने पेटी पोटाशी धरायला वाकून हात घातला.

"काही विचारायचं होतं..." तो जागचा हलला नाही. "विचारू?"

"हं."

"पेटीची एक कडी मी धरू का?"

पाठीमागे जिन्याची पहिली पायरी कोसळली. धुरळा खाली बसेपर्यंत तिचे हात पेटीवरच होते. मग पेटी जमिनीवरच राहू देऊन स्वतः एका बाजूला सरकली.

"धर. पण माझ्या पुढे चालायचं नाही."